दिवसाला दिवस म्हणा : अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना खुले पत्र

एडिसन, न्यू जर्सी
२६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
प्रतिनिधीगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य,
वॉशिंग्टन

सप्रेम नमस्कार.

या पत्राचा इंग्रजी मसुदा मी गेल्या आठवड्यात माझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींच्या आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांच्या कचेऱ्यांकडे रवाना केला आहे. तेच म्हणणे इथे मराठीत मांडते आहे, कारण तुम्हाला मत देणाऱ्यांत घरी मराठी बोलणारेही आहेत, आणि ज्यांना इथे मत नाही पण तुमच्या मौनाचे परिणाम ज्यांच्या दारापर्यंत जातात असे लोक त्याहून कितीतरी अधिक आहेत. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी खुलासा : या पत्रात काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद.)

माझी तक्रार राष्ट्राध्यक्षांविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकते. हाती सत्ता आलेला माणूस ती ताणून पाहणार, हे १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले होते, आणि म्हणूनच घटनेचे पहिले कलम त्यांनी तुमच्यासाठी लिहिले, राष्ट्राध्यक्षांसाठी दुसरे. कर, आयातशुल्क, युद्ध, खजिना, नागरिकत्व देण्याचे नियम हे सगळे पहिल्या कलमात आहे. ज्यांच्यावर राखण सोपवली तेच बाजूला सरकून वाट करून देतील, याची तजवीज मात्र त्या कागदात कुठेच नाही. माझी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे.

मी मूळची कराडची, १९९३ पासून या देशात, व्यवसायाने लेखापाल. २०११ साली मी नागरिकत्वाची परीक्षा दिली. तिच्यासाठी शंभर प्रश्नांची यादी मिळे. त्यांतले जास्तीत जास्त दहा विचारत आणि सहा बरोबर यावे लागत. माझ्या मुलीने ते प्रश्न कार्डांवर लिहून फ्रिजवर चिकटवले होते आणि पोळ्या लाटता लाटता मी त्यांची उत्तरे मोठ्याने म्हणत असे. सरकारची एक शाखा अतिबलवान होऊ नये यासाठी काय व्यवस्था आहे, हा त्यांतला एक. मुलाखतीत अधिकाऱ्याने मला नेमका तोच विचारला. सत्तेची विभागणी आणि परस्परांवरचा अंकुश, असे मी सांगितले, त्याने खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. ज्या उत्तरांच्या बळावर मला या देशाचे नागरिकत्व मिळाले त्यांतले हे एक उत्तर आज खरे आहे का, एवढेच मला तुम्हाला विचारायचे आहे.

हा प्रश्न मला इतका का लागतो, त्याचे कारण कराडात आहे. १९७५ च्या डिसेंबरात आमच्या गावी मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या, आणि केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल आपल्याला बोलायचे ते बोलल्या. माझे वडील शाळामास्तर. ते मांडवातून घरी आले, आधी रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली आणि मग आईला हलक्या आवाजात सगळे सांगू लागले. खिडकी का लावली हे मला तेव्हा कळले नाही. पुढे शिकले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला जास्त अस्वस्थ करून गेली : त्या काळात संसदेला कुलूप नव्हते. संसद भरत होती, ठराव येत होते आणि मंजूर होत होते.

आता या वर्षातले सांगते. आई अजून कराडलाच असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दर वर्षी सप्टेंबरात ती मला टपालाने एक खोके पाठवते : गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी आणि दिवाळीपर्यंत टिकतील असे बुंदीचे लाडू. पत्ता स्वतःच्या हाताने, जाड पेनने लिहिते, आणि ‘न्यू जर्सी’च्या खाली दर वेळी न चुकता रेघ मारते. यंदा खोके घेऊन ती टपाल कचेरीत गेली तेव्हा खिडकीतला मुलगा म्हणाला, “आजी, अमेरिकेचं बुकिंग बंद आहे. वरून आदेश आहे.” आईने विचारले, “वरून म्हणजे कुठून?” त्याला ते सांगता येईना. तो बिचारा काय सांगणार?

मी सांगते. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना या देशात आयातशुल्क माफ होते. ही माफी रद्द करावी असे तुम्हीच ठरवलेत. त्याबद्दल माझा वाद नाही, तो तुमचा अधिकार आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही होऊन जो भलामोठा कायदा झाला त्यात तुम्ही रद्द होण्याची तारीखही घातलीत : १ जुलै २०२७. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, ३० जुलैला, राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की माफी २९ ऑगस्ट २०२५ पासूनच बंद. भेटवस्तूंना १०० डॉलरपर्यंतची सूट कागदावर शिल्लक होती. पण शुल्क कोणी, कुठे आणि कसे गोळा करायचे हेच ठरलेले नसल्यामुळे विमान कंपन्या टपालाच्या थैल्या उचलेनात, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून आधी बहुतेक आणि महिनाअखेरीस सगळेच अमेरिकेचे बुकिंग थांबवले. ते पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना.

एका खोक्यातल्या लाडवांसाठी संसदेला पत्र लिहिणे हास्यास्पद वाटेल, याची मला कल्पना आहे. पण लेखापालाला मोठी गडबड बहुधा लहान पावतीवरच सापडते. कायद्यात एक तारीख आहे, आदेशात दुसरी. दोन्हींमध्ये अंतर पडले आणि आदेशातली तारीख चालली. तुम्ही लिहिलेली तारीख तुमच्या डोळ्यांदेखत बदलली गेली आणि दोन्हींपैकी एकाही सभागृहाने, सभागृह म्हणून, ‘हे आमचे काम आहे’ एवढे एक वाक्य म्हटले नाही.

त्या आदेशाला आधार दिला गेला तो आणीबाणीचा. १९७७ चा आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकारांचा जो कायदा तुमच्या पूर्वसुरींनी केला, त्यात राष्ट्राध्यक्षांना आयातीचे ‘नियमन’ करता येते. त्यात आयातशुल्क हा शब्द कुठेही नाही आणि २०२५ पूर्वी कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने त्याच्या जोरावर शुल्क बसवले नव्हते. यंदा त्याच कायद्याच्या आधारे जवळपास साऱ्या जगावर शुल्क बसले. भारतातून येणाऱ्या मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून, रशियाचे तेल घेता म्हणून, आणखी २५ टक्के. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात केंद्रात इथल्या दुकानांसाठी दागिने घडवणाऱ्या कारागिराचा रशियाच्या तेलाशी काय संबंध, हा प्रश्न एखाद्या समितीच्या सुनावणीत कोणीतरी विचारला असता. सुनावणी झाली असती तर.

न्यू यॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे रोजी सांगितले की कायद्याने हा अधिकार दिलेला नाही. वरच्या न्यायालयाने २९ ऑगस्टला, म्हणजे पार्सलांची माफी संपली त्याच दिवशी, सात विरुद्ध चार मतांनी तेच म्हटले. या महिन्याच्या ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. निकाल काय लागायचा तो लागो. शुल्क बसवण्याचा अधिकार पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात, पहिल्याच वाक्यात तुमच्या नावे लिहिलेला असताना, तुमची मालमत्ता परत मिळवण्यासाठी खेळणी आयात करणाऱ्या आणि दारू आयात करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना आपल्या खिशातून वकील लावून कोर्टाची पायरी चढावी लागली. मालक मात्र घरी बसून आहे.

हे आजचे नाही, आणि एका पक्षाचेही नाही. एप्रिल १९५२ मध्ये, कोरियाचे युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर देशातल्या पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत, सहा विरुद्ध तीन मतांनी, तो आदेश रद्द केला. ट्रुमन डेमोक्रॅट होते आणि त्यांच्याविरुद्ध मत देणाऱ्यांत त्यांनीच नेमलेले न्यायमूर्तीही होते. त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले आहे की आणीबाणीसाठी कायदे करण्याची सत्ता काँग्रेसच्या हाती आहे असे आम्ही म्हणू शकतो, पण ती सत्ता बोटांमधून निसटू न देणे हे केवळ काँग्रेसच करू शकते. न्यायालयाने त्र्याहत्तर वर्षांपूर्वी तुम्हाला दिलेली ही सूचना आहे. ती तुम्ही एकदा, १९७६ मध्ये, मनावर घेतलीत.

तेव्हा सिनेटच्या एका खास समितीला आढळले होते की देशात चार आणीबाण्या अजून लागूच आहेत, त्यांतली सर्वांत जुनी १९३३ ची. आणि आणीबाणी असली की जागी होणारी ४७० च्या आसपास कलमे निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत. म्हणून राष्ट्रीय आणीबाणी कायदा झाला. त्यात दोन कुलुपे होती. दर सहा महिन्यांनी प्रत्येक सभागृहाने बसून आणीबाणी संपवायची का याचा विचार करायचा, आणि दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की ती संपली. राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नाही.

दुसरे कुलूप तुटले त्याची हकिगत आपल्या लोकांना ठाऊक असायला हवी. जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा तरुण ब्रिटिश पासपोर्टवर इथे शिकायला आला होता. व्हिसाची मुदत संपली, तरी त्याला राहू द्यावे असे इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने ठरवले. आणि १९७५ च्या डिसेंबरात (इकडे कराडला संमेलन होत होते त्याच महिन्यात) प्रतिनिधीगृहाने एकट्याने ठराव करून तो निर्णय फिरवला. चढ्ढा लढला आणि १९८३ मध्ये जिंकला. राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय सभागृहाला असा ‘व्हेटो’ वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. एका साध्या माणसाला न्याय मिळाला याचा मला आनंदच आहे. पण त्या निकालानंतर तुम्ही १९८५ मध्ये आणीबाणीचा कायदा दुरुस्त केलात तो असा की आता आणीबाणी संपवायला संयुक्त ठराव लागतो, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते, आणि त्यांनी नाकारली तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. ज्याने आणीबाणी लावली त्याच्याकडेच ती उठवण्याची परवानगी मागायची! २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी लावलेली आणीबाणी संपवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, १५ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारला आणि तो नकार मोडण्याइतकी मते मिळाली नाहीत.

सहा महिन्यांनी बसण्याच्या पहिल्या कुलपाचे काय झाले? ते तुम्ही लावलेच नाहीत. इराणसंबंधीची आणीबाणी १४ नोव्हेंबर १९७९ रोजी लागली. ती दर वर्षी वाढवली जाते आणि या महिन्यात तिला ४६ वर्षे झाली. ती लागली तेव्हा मी माध्यमिक शाळेत होते, आता निवृत्तीचे अर्ज भरते आहे. आज अशा चाळीसहून अधिक आणीबाण्या देशात लागू आहेत. रस्त्यात दहा माणसांना थांबवून विचारा, एकालाही तीन सांगता येणार नाहीत.

आणि आता प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांनो, ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. कायद्यात अजून एक छोटी फट तुमच्यासाठी उरली आहे : आणीबाणी संपवण्याचा ठराव कोणीही मांडला तर समितीने तो पंधरा दिवसांत सभागृहापुढे आणला पाहिजे आणि मग तीन दिवसांत मतदान झाले पाहिजे. सभागृहाच्या अध्यक्षांच्या मनात असो वा नसो, मत द्यावेच लागते. मार्च २०२५ मध्ये तुम्ही एक नियम मंजूर केलात. त्याचा अर्थ असा की १ फेब्रुवारीला जाहीर झालेल्या (कॅनडा, मेक्सिको आणि चीनवरच्या शुल्कांमागच्या) आणीबाणीविरुद्धच्या ठरावापुरता, या अधिवेशनाचा उरलेला प्रत्येक दिवस कॅलेंडरमधला दिवस धरला जाणार नाही. एप्रिलच्या जागतिक शुल्कांबाबतही पुढे तुम्ही तसेच केलेत.

मी हे वाक्य तीनदा वाचले. आमच्या पंचांगात क्षयतिथी असते, एखादी तिथी सूर्योदय न पाहताच संपून जाते. दर तीन वर्षांनी अधिक मास येतो. पण त्यालाही गणित असते आणि दाते-बिते मंडळी ते मांडून दाखवतात. मार्चपासून वर्षअखेरपर्यंत सूर्य रोज उगवेल, तुमचा पगार रोज मोजला जाईल, माझ्या कराची मुदत रोज एक दिवस जवळ येईल, पण तुम्हाला मत द्यावे लागणारे पंधरा दिवस कधीच भरणार नाहीत, असा क्षय मी कुठल्याही पंचांगात पाहिलेला नाही. आमच्या कचेरीत एखाद्या ग्राहकाने ‘या तिमाहीतले दिवस आम्ही दिवस धरत नाही’ असे सांगितले असते तर त्याची वही मी त्याच क्षणी परत केली असती. सिनेटने निदान मत दिले : कॅनडावरच्या शुल्कांविरुद्ध एप्रिलमध्ये ५१ विरुद्ध ४८, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ब्राझील, कॅनडा आणि जागतिक शुल्क अशा तिन्हींविरुद्ध. ते ठराव तुमच्या दाराशी येऊन पडून आहेत, कारण तुमच्याकडे दिवसच उजाडत नाही. शुल्के योग्य आहेत असे तुम्हाला वाटत असेल तर तसे मत द्या. मी तुमच्याशी असहमत असेन, पण माझी तक्रार राहणार नाही.

आज २६ नोव्हेंबर. १९४९ साली याच दिवशी भारताच्या घटना समितीने राज्यघटना स्वीकारली. तिचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तुमच्या पद्धतीशी तुलना केली होती. अमेरिकेचा कार्यकारी प्रमुख संसदेच्या बहुमतावर टिकून नसतो, म्हणून तिथे स्थैर्य अधिक. आम्ही मात्र स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले, असा त्यांचा मुद्दा होता. हे सांगणारा माणूस न्यू यॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता, त्याने तुमची घटना लांबून पाहिलेली नव्हती. तरीही आम्ही १९७५ मध्ये ठेच खाल्लीच. पण ठेच लागल्यावर काय केले ते बघा. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. आणीबाणीची घोषणा एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी खास बहुमताने मंजूर केली नाही तर ती आपोआप मरते. मंजूर केली तरी सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी लागते. आणि लोकसभेला ती साध्या बहुमताने रद्द करता येते. भारतात सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही, वटहुकूम आणि राज्यपाल यांच्यावर वेगळे पत्र लिहिता येईल. पण या एका बाबतीत फरक सरळ आहे. तिथे संसद गप्प राहिली तर आणीबाणी संपते. इथे तुम्ही गप्प राहिलात तर ती चालू राहते.

खजिन्याबद्दल आता. आमच्या जुन्या घरांत तिजोरीच्या आणि कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे. घरात कोणाचा शब्द चालतो हे पाहुण्याला त्यावरून कळे. घटनेने तो जुडगा तुमच्या कमरेला बांधला : कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय खजिन्यातून पैसा निघणार नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मंजूर झालेला पैसा अडवून धरला तेव्हा १९७४ मध्ये तुम्ही कायदा केलात की राष्ट्राध्यक्षांना खर्च रद्द करायचा असेल तर त्यांनी तुम्हाला विचारावे, आणि ४५ दिवसांत तुम्ही हो म्हटले नाही तर पैसा खर्च झालाच पाहिजे. या वर्षी जुलैमध्ये त्या रीतीने सुमारे ९ अब्ज डॉलर रद्द झाले. निर्णय मला पटला नाही, पण रीत पाळली गेली. ऑगस्टच्या अखेरीस मात्र परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर रद्द करण्याची विनंती आली ती अशा बेताने की ४५ दिवस पुरे होण्याआधीच, ३० सप्टेंबरला, आर्थिक वर्ष संपावे आणि पैसा आपोआप बुडावा. ‘मार्च एंड’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. तुमच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने ती बेकायदा असल्याचे म्हटले. २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पैसा तात्पुरता अडवून ठेवू दिला आणि वर्ष संपले. त्यानंतर लगेच १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद राहिले, कारण तुमचे पुढच्या खर्चावर एकमत होईना. ज्या पैशावर एवढे भांडता तो मंजूर झाल्यावर खर्च होतो की नाही, याची चौकशी तुम्ही का करत नाही?

युद्धाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात नवे काही नाही. तुम्ही शेवटची युद्धघोषणा केलीत १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. १९७३ चा युद्धाधिकार ठराव निक्सन यांचा नकार मोडून तुम्ही मंजूर केलात : परवानगीविना सैन्य लढाईत असेल तर साठ दिवसांत परत आणा. २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब पडत असताना साठ दिवस उलटले आणि ओबामा प्रशासनाने सांगितले की याला त्या कायद्याच्या अर्थाने लढाई म्हणता येत नाही. या सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रात होड्यांवर हल्ले चालू आहेत, ऐंशीहून अधिक माणसे मेली आहेत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साठ दिवस उलटले, आणि आजच्या प्रशासनाचे उत्तर तेच आहे. पक्ष बदलला, वाक्य बदलले नाही. त्या होड्यांत कोण होते, काय होते, याचा पुरावा मागण्याची जागा तुमच्या समितीची खोली आहे.

नागरिकत्वाचा मुद्दा आमच्या घरातला आहे. २० जानेवारी २०२५ च्या आदेशात म्हटले होते की आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील तर इथे जन्मलेले मूलही नागरिक धरले जाणार नाही. ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींची हीच स्थिती आहे. माझ्या भाच्याला मे महिन्यात मुलगी झाली. न्यायालयांनी आदेश अडवलेला आहे, तरी तिच्या जन्मदाखल्याच्या प्रती त्याने तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक माझ्या कपाटात आहे. इथे जन्मला तो इथला नागरिक, हे सांगणारे किती कागद आहेत पहा : १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, १८९८ चा वाँग किम आर्क खटल्याचा निकाल, आणि घटनादुरुस्तीच्याच शब्दांत तुम्ही १९४० आणि १९५२ मध्ये केलेले कायदे. न्यायालयाचे राहू द्या, तुमच्या स्वतःच्या कायद्यासाठी तरी सभागृह उभे राहायला हवे होते.

कारण आमचा अनुभव असा आहे की भारतीयांना या देशात जे मिळाले ते तुमच्या हातून मिळाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ते न्यायालयाने दुरुस्त केले नाही, कोणा राष्ट्राध्यक्षाच्या आदेशानेही दुरुस्त झाले नाही. १९४६ मध्ये काँग्रेसने कायदा करून भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले आणि, वर्षाला शंभर माणसांपुरती का होईना, इथे स्थायिक होण्याची वाटही मोकळी केली. आणि १९६५ मध्ये देशागणिक ठरवलेले जुने कोटे मोडले. या दोन्ही कायद्यांना ब्रुकलिनचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांचे नाव जोडलेले आहे. माझे इथले घर त्या कायद्यांवर उभे आहे.

राज्यांचा मुद्दाही याच ओळीतला. गव्हर्नरने न मागता त्याच्या राज्याचे नॅशनल गार्ड (राज्याचे राखीव सैनिकी दल) केंद्राने हाती घेण्याचा प्रकार १९६५ नंतर प्रथम यंदा जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये घडला. १९५७ मध्ये लिटल रॉकला आणि १९६५ मध्ये सेल्माला केंद्राने गव्हर्नरांना डावलले ते कृष्णवर्णीय नागरिकांच्या हक्कांसाठी, आणि ते योग्यच होते. म्हणून केंद्राचा हात नेहमीच वाईट, असे मी म्हणणार नाही. पण तो हात कधी उगारायचा याच्या अटी तुमच्या कायद्यात आहेत आणि त्या सैल आहेत.

इथे एक कबुली द्यायला हवी. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी कोविडच्या आणीबाणीचा आधार घेऊन विद्यार्थ्यांची सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जे माफ करण्याची योजना आणली. माझ्या मुलीचे कर्ज त्यात बसत होते. २००३ चा जो कायदा पुढे केला तो त्यासाठी केलेला नव्हता, हे मला कागद वाचून कळत होते. मी पत्र लिहिले नाही. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द केली तेव्हा मी मुलीपाशी हळहळले. तेव्हा गप्प बसले आणि आज लिहिते आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे.

माझ्या मागण्या अशा. कॅलेंडरमधला प्रत्येक दिवस हा दिवस असतो असे प्रतिनिधीगृहाने मान्य करावे, मार्चमधला नियम मागे घ्यावा आणि सिनेटकडून आलेले ठराव नाताळच्या सुट्टीआधी मतदानाला घ्यावेत. राष्ट्रीय आणीबाणीचा कायदा उलटा फिरवावा : घोषणा तीस दिवसांत तुम्ही मंजूर केली नाही तर ती संपली. अशा आशयाची विधेयके २०१९ पासून तुमच्यासमोर येऊन गेली आहेत, दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी ती उचलून धरली होती, त्यामुळे नव्याने लिहायचेही काम नाही. नवी आयातशुल्केही तुमच्या मंजुरीविना ठरावीक दिवसांपलीकडे टिकू नयेत. एप्रिलमध्ये सिनेटमध्ये एका रिपब्लिकन आणि एका डेमोक्रॅट सदस्याने मिळून साठ दिवसांची मुदत घालणारे विधेयक मांडले आहे, ते समितीतून बाहेर काढा. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या नव्वद दिवसांत खर्च रद्द करण्याची विनंती आली तर तो पैसा बुडणार नाही, अशी दुरुस्ती १९७४ च्या कायद्यात करा. ‘लढाई’ या शब्दाची व्याख्या १९७३ च्या ठरावात घाला. आणि १९७९ पासून चालत आलेल्या सगळ्या आणीबाण्यांची यादी समोर ठेवून एकेकीवर मत द्या. ज्या हव्यात त्या ठेवा, पण हात वर करून ठेवा.

आईचे खोके ऑक्टोबरच्या शेवटी निघाले आणि परवा पोहोचले. लाडू फुटले आहेत, मेतकूट ठीक आहे. जानेवारीत माझ्या प्रतिनिधींची नागरिकांसोबत बैठक झाली तर मी पहिल्या रांगेत बसेन आणि दिवसांचा प्रश्न विचारेन. त्याआधी लेखी उत्तर आले तर ते मराठीत करून इथेच देईन.

आपली,
मिडलसेक्स काउंटीतील एक मतदार